गट : लहान मुलं

राउटरच्या पानावर माझा फोन ‘लहान मुलं’ या गटात होता. वर नातीचा टॅब, त्याच्याखाली माझा फोन, आणि दोघांपुढे एकच हुकूम: साडेआठनंतर बंद, अनोळखी पानं बंद, पैशांचे व्यवहार बंद. मी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला. चष्म्याचा काही दोष नव्हता. दुपारची वेळ, घरात कोणी नाही, स्वयंपाकघरातला नळ ठिबकतोय (वॉशर गेलाय, पण माझं ऐकतो कोण), आणि मी जेवणाच्या टेबलाशी, नातीला चित्रं काढायला दिलेला जुना लॅपटॉप उघडून, संगणकाच्या वर्गातल्या मॅडमनी दिलेला गृहपाठ करत बसलेला. गृहपाठ अगदी साधा. आपल्या घरच्या राउटरच्या पानावर जायचं, घरातली कुठकुठली उपकरणं जोडलेली आहेत ते बघायचं, आपला फोन त्यात ओळखायचा. ‘काही बदलू नका, नुसतं बघा,’ असं मॅडमनी बजावलं होतं. मी नुसतं बघत होतो. कानशिलं तापली, हाताच्या बोटांना मुंग्या आल्या. शाळेत असताना मास्तरांनी एकदा बाकावर उभं केलं होतं तेव्हा असंच झालं होतं. पण तेव्हा आपण बाकावर उभे आहोत हे निदान मला ठाऊक होतं. इथे मी कित्येक महिने बाकावर उभा होतो आणि खाली बसलोय असं समजून पेपर वाचत होतो. मी लॅपटॉपचं झाकण खाली केलं आणि लगेच परत उघडलं. नाव तिथेच होतं.

म्हणजे साडेआठचं गौडबंगाल हे होतं तर. जेवण झालं की मी फोन घेऊन बसायचो, घरच्या वायफायवर जुनी गाणी ऐकायचो, आणि ऐन कडव्यात गाणं अडायचं. ‘या भागात रात्री रेंज पडते, बाबा,’ मुलगा म्हणाला होता, आणि म्हणताना जांभईसुद्धा दिली होती. किती सहज! आणि मी मान डोलावली होती. मी, ज्याने सगळी उमर पाणीपुरवठा खात्यात काढली, ज्याला खरं तर लगेच वास यायला हवा होता. लोक आमच्याकडे तक्रार घेऊन यायचे, नळाला पाणी का नाही, आणि आमचा खिडकीवरचा माणूस शांतपणे सांगायचा, ‘दाब कमी आहे.’ दाबबिब काही नाही. वरच्या वस्तीला पुरावं म्हणून खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह आमच्याच माणसाने फिरवून बंद केलेला असायचा. लोक रिकाम्या बादल्या घेऊन परत जायचे, आणि जाताना ‘बरं साहेब’ म्हणायचे. ‘बरं साहेब’ म्हणणाऱ्या त्या लोकांचे चेहरे मला त्या दुपारी एकेक करून आठवायला लागले, आणि मी उठून उगाचच चहा ठेवला आणि तो उतू घालवला.

मला फसवणारा जो फोन आला होता, त्याबद्दल मी बोलत नाही. घरात त्याला ‘ते’ म्हणतात. ‘ते झाल्यापासून’, ‘ते झालं तेव्हा’, जसा काही मला एखादा घाणेरडा आजार होऊन गेला. किती पैसे गेले हेही मी सांगणार नाही, सांगून परत येणार नाहीत. सांगतो ते एवढंच की तो माणूस फार छान बोलला. हिला जाऊन वर्षही झालं नव्हतं. हिच्या पॉलिसीचं काम आहे म्हणाला, मला ‘सर’ म्हणाला, जेवण झालं का विचारलं. नोकरी कुठे केली विचारलं, आणि पाणीपुरवठा म्हटल्यावर म्हणाला, ‘अरे वा, म्हणजे अख्ख्या शहराला पाणी पाजलंत की तुम्ही!’ ही गेल्यापासून माझ्याशी इतका वेळ कोणी बोललंच नव्हतं. मुलगा संध्याकाळी यायचा, ‘काय बाबा, बरं ना?’ विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता शर्ट बदलायला आत जायचा. तर त्या माणसाने मागितलेले आकडे मी दिले. वाचून दिले. त्याला नीट ऐकू आलं नाही म्हणून परत वाचून दिले. गाढवपणा होता, मान्य. तो मला दाढी करताना आठवतो, बुटाची नाडी बांधताना आठवतो. पण एक गोष्ट मी कोणाला सांगू शकलेलो नाही. पैसे गेल्याचं कळलं तेव्हा मला पहिल्यांदा वाईट वाटलं ते हे, की आता तो माणूस परत फोन करणार नाही.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. माझ्या घरच्यांनी माझं ताकच बंद केलं. बँकेचं कार्ड मुलाच्या पाकिटात गेलं, खातं त्याच्या फोनमध्ये गेलं. ‘काय हवं ते सांगा बाबा, आणून देतो ना.’ चपलेचा अंगठा तुटला तरी सांगायचं. माझा फोन वाजला की सुनेचा हात पोळपाटावर थांबतो, कान माझ्याकडे. वाईट नाही ती, उलट जिवाला लावून घेते, म्हणून तर जास्त राग येतो. आणि सगळ्यांचं बोलणं बदललं. मुलगा माझ्याशी शब्द तोडून तोडून बोलायला लागला, ‘बाबा, कोणीही, कोणीही फोन केला, तरी काहीही सांगायचं नाही. कळलं?’ अरे, कान शाबूत आहेत माझे! मेव्हणे भेटायला आले तेव्हा त्याने त्यांच्यासमोर सगळी हकीकत सांगितली, आकडे दोनदा वाचून दाखवल्याच्या तपशिलासकट, आणि मेव्हणे हसू दाबायला खिडकीबाहेर बघायला लागले. मी तिथेच बसलो होतो, त्याच सोफ्यावर. तेव्हा मी ठरवलं. मला पैसे परत नको होते. मला एवढंच हवं होतं की माझ्या मुलाने एकदा, एकदाच, माझ्याशी मोठ्या माणसाशी बोलतात तसं बोलावं. यापेक्षा जास्त काही मागितलं असेल तर जीभ झडो माझी.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर पाटी लागली होती: ‘बेरोजगारांसाठी मोफत वर्ग, सायबर सुरक्षा, प्राथमिक.’ तिथल्या कारकुनाने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. ‘आजोबा, हा बेरोजगारांसाठी आहे.’ म्हटलं, ‘मग मी काय कलेक्टर आहे? निवृत्त झाल्यापासून बेरोजगारच आहे.’ तो हसला आणि त्याने नाव लिहून घेतलं. घरी सांगितलं, सकाळी फिरायला जातो. सून म्हणाली, ‘छान, बाबा, तब्येतीला बरं.’ वर्गात मी धरून सगळे डबघाईला आलेले. एक जण कुरिअर कंपनीतून निघालेला, त्याला आम्ही कुरिअरच म्हणायचो. एक बाई नर्सिंग सोडून आलेल्या. बाकी पोरंटोरं, कॉलेज अर्धवट टाकलेली. आणि शिकवणाऱ्या मॅडम म्हणजे माझ्या सुनेपेक्षाही लहान, सर्दीने नाक कायम लाल, आणि आवाज असा की मागच्या बाकावरचा झोपलेला माणूस जागा व्हावा. पहिल्या दिवशी त्यांनी संगणक सुरूच केला नाही. आमच्या हातात पाकिटं दिली. पाकिटावर लिहायचं: कोणाकडून, कोणाला, आणि कुठल्या खिडकीवर. मग ती पाकिटं बाकांमधून पुढे पुढे द्यायची. कुरिअर मधल्या बाकावर बसून राउटर झाला. ‘तुम्हाला आतला मजकूर वाचायचा नाही,’ मॅडम त्याला म्हणाल्या, ‘पत्ता बघा आणि पुढे ढकला.’ तो म्हणाला, ‘मॅडम, मी दहा वर्षं तेच केलंय.’ सगळे हसले. मीही हसलो, आणि हसताना जाणवलं की चारचौघांत मी कितीतरी दिवसांनी हसलोय.

आणि खोटं कशाला बोलू, मला येत होतं. पोरांना आकडे पाठ होते, पण मला प्रवाह कळत होता. मुख्य वाहिनी, फाटे, प्रत्येक फाट्याला व्हॉल्व्ह, कुठे अडलं तर मागे मागे जात शोधायचं. हा माझाच धंदा होता, नुसते पाइप दिसत नव्हते. मॅडम म्हणाल्या, प्रत्येक उपकरणाला दोन पत्ते असतात. एक जन्मजात, कारखान्यात मिळालेला. दुसरा राहता पत्ता, तो राउटर देतो, आणि ठरावीक मुदतीसाठी देतो. मुदत संपली की परत मागायचा. मी वहीत लिहून घेतलं आणि माझा हात थांबला. ही गेल्यावर मी आमचं दोन खोल्यांचं घर विकून मुलाकडे आलो होतो. माझा राहता पत्ता आता तोच देतो. मॅडमना वाटलं मला समजलं नाही. त्यांनी परत समजावून सांगितलं, नाक ओढत, न कंटाळता, आणि शब्द न तोडता. परीक्षा पुढच्या सोमवारी होती. पास झालो की प्रमाणपत्राचा कागद मुलाच्या ताटाशेजारी नुसता ठेवायचा, बोलायचं काही नाही, असं मी मनात पक्कं केलं होतं. भात वाढून घेताना त्याची नजर जाईल, मग तो थांबेल. त्याचं ते थांबणं मी रोज चालताना मनातल्या मनात बघत होतो, इतकं की एकदा सिग्नलला उभा असताना मागच्या माणसाने ‘काका, चला की’ म्हणून ढकललं.

आता राउटरच्या पानावर मी शिरलो कसा, तर त्याचीही गंमत ऐका. मॅडम म्हणाल्या होत्या, लोक घराला कुलूप लावतात आणि किल्ली कुलपालाच लटकवून ठेवतात. राउटरच्या बुडाला कारखान्याचा पासवर्ड चिकटवलेला असतो, तो शंभरातले नव्वद लोक कधी बदलतच नाहीत. मी स्टुलावर चढलो, राउटर उलटा केला, भिंगाने पासवर्ड वाचला आणि पानावर टाकला. उघडलं! मला पासवर्डवर प्रवचनं देणारा माझा मुलगा, ‘बाबा, वाढदिवस ठेवायचा नाही, नाव ठेवायचं नाही’ म्हणणारा, त्याच्या घराची किल्ली बुडाला डकवलेली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला आधी हसू आलं होतं. हसतच मी खाली सरकत गेलो होतो, सुनेचा फोन, मुलाचा फोन, ऑफिसचा लॅपटॉप, टीव्ही, आणि मग तो गट.

त्या संध्याकाळी जेवताना मी मुलाकडे बघत राहिलो. तो जेवताना फोन बघतो, भाजी कुठली आहे त्याला कळत नाही. लहानपणी हाच मुलगा माझ्याबरोबर पंपघरात यायचा, मोठ्या चाकाला दोन्ही हातांनी लटकायचा आणि विचारायचा, बाबा, हे फिरवलं की कोणाचं पाणी जातं? मी सांगायचो, ह्या गल्लीचं, त्या चाळीचं. त्याचे डोळे मोठे व्हायचे. त्याला वाटायचं माझे बाबा म्हणजे कोण! मी म्हटलं, ‘आज रेंज कशी काय आहे?’ तो वर न बघता म्हणाला, ‘बरी आहे. रात्री पडेल.’ इतकं सरळ. घास तोंडात फिरायला लागला. म्हणावं का, मला माहीत आहे? म्हणालो असतो तर काय झालं असतं? त्याने विचारलं असतं, राउटरपर्यंत तुम्ही गेलात कसे, आणि मग तो घाबरला असता. मला तो घाबरायला नको होता, शरमायला हवा होता. मी पाणी प्यालो आणि उठलो. सून म्हणाली, ‘बाबा, ताटात तसंच टाकलंत.’

दुसऱ्या दिवशी वर्ग संपल्यावर मी मॅडमना गाठलं. विचारलं, एखाद्या मोठ्या माणसाला त्याच्या नकळत लहान मुलांच्या गटात टाकता येतं का. त्यांनी माझ्याकडे बघितलं. हुशार बाई, लगेच काय ते कळलं असावं, पण माझी लाज राखली. ‘येतं, काका. राउटरला वय कळत नाही.’ मग म्हणाल्या, ‘तुम्ही घरी बोला. सेटिंगने घरातले प्रश्न सुटत नाहीत.’ मी म्हटलं, ‘आणि नाव काढून टाकलं तर?’ ‘काढता येईल. पण काका, परीक्षा होऊ दे. तुम्ही वर्गात पहिले येणार आहात, मला माहीत आहे.’ जिना उतरताना माझे गुडघे दुखत नव्हते. पण डोक्यात वेगळंच चक्र सुरू झालं होतं. नुसतं नाव काढून टाकणं म्हणजे पोरानं खिडकीतून पळण्यासारखं. तसं नाही करायचं. मी सगळं घरच नीट बांधून काढणार. मॅडमनी शिकवलं होतं, दोन तऱ्हा असतात: एक, नको असलेल्यांना नावं घेऊन अडवायचं. दुसरी, ओळखीच्यांचीच यादी करायची, तेवढ्यांनाच आत घ्यायचं, बाकी जग बाहेर. दुसरी जास्त भक्कम. मुलाने जे केलं नव्हतं ते मी करणार, घरातल्या प्रत्येकाचं उपकरण माझ्या हाताने यादीत घालणार, आणि मग त्याला बोलावून दाखवणार. सोमवारपर्यंत थांबायचं कशाला? थांबून थांबून तर या गटात आलो.

शनिवारची सकाळ. मुलगा आतल्या खोलीत दार लावून ऑफिसच्या परदेशी लोकांशी मीटिंगमध्ये. ही मीटिंग गेले पंधरा दिवस घरात देवासारखी बसवलेली होती, तिच्यावर त्याचं पुढचं पद अवलंबून होतं. हे मला माहीत होतं. पण माझं काम मीटिंगच्या वाटेतच येणार नव्हतं, पाचव्या मिनिटाला सगळं जिथल्या तिथे असणार होतं. सून शेजारच्या खोलीत तिच्या विद्यार्थ्यांची ऑनलाइन तोंडी परीक्षा घेत होती. नात जमिनीवर पालथी पडून रंगवत होती. मी तिच्या लॅपटॉपवर पान उघडलं.  किती दिवसांनी कामावर गेल्यासारखं वाटत होतं, सकाळी पंपघराचं दार उघडलं की यायचा तसा ओलसर लोखंडाचा वास मला चक्क त्या खोलीत आला. आणि इथेच घात झाला. पाणी खात्यात एक नियम असतो, तो हातात भिनलेला असतो: फाट्यावर काम करायचं तर आधी मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा. आधी बंद, मग जोडणी, मग एकेक फाटा हळूहळू उघडायचा. मॅडमनी याच्या नेमकं उलट सांगितलं होतं. आधी यादी भरा, आधी स्वतःला आत घ्या, आणि बाकीचं बंद हे सगळ्यात शेवटी. मी ते वहीत लिहिलं होतं, खाली रेघ मारली होती. पण हात डोक्याचं ऐकेना. मी ‘फक्त यादीतल्यांनाच परवानगी’ यावर खूण केली आणि यादी कोरी असतानाच ‘जतन करा’ दाबलं. मुख्य व्हॉल्व्ह बंद झाला. पान पांढरं पडलं. मी परत उघडायला गेलो, उघडेना, कारण आत यायला परवानगी लागत होती आणि यादीत कोणीच नव्हतं. मीसुद्धा नव्हतो.

आधी सुनेचा आवाज आला, ‘हॅलो? हॅलो, ऐकू येतंय का?’ मग आतलं दार उघडलं. मुलगा बाहेर आला तो अनवाणी, वर कोट, खाली घरातली विजार. ‘नेट कोणी बंद केलं?’ त्याने राउटर बघितला, दिवे लागलेले. बंद करून चालू केला. दिवे लागले, नेट नाही. त्याने परत केला. त्याच्या मानेवरची शीर उडत होती, मला दिसत होती. मग त्याला टेबलावरचा लॅपटॉप दिसला, त्यावरचं राउटरचं पांढरं पडलेलं पान दिसलं, आणि तो नातीकडे वळला. ‘तू हात लावलास? किती वेळा सांगितलंय तुला!’ तिने रंगाचा खडू तसाच हातात धरला, ओठ काढला. ‘मी नाही, पप्पा. मी काहीच नाही केलं.’ ‘मग हे पान आपोआप उघडलं?’ मी उभा राहिलो. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तेही एवढ्याशा. ‘तिला बोलू नको. मी केलं.’

तो माझ्याकडे वळला. आणि त्याच्या चेहऱ्यावरचा राग, ज्याची मी खरं सांगतो वाट बघत होतो, तो राग विझला. त्या जागी भीती आली. ‘काय केलंत, बाबा?’ आवाज एकदम मऊ. मी सांगायला लागलो. सगळं नीट, क्रमाने. की परवानगीची यादी लावायची होती, उपकरणांचे जन्मजात पत्ते घालायचे राहून गेले, त्यामुळे सगळेच बाहेर पडले, काही बिघडलेलं नाही, मागच्या भोकात टाचणी घालून बटण दाबून धर, राउटर कारखान्यातून आल्यासारखा होईल, मग पासवर्ड बदल, तो बुडाला चिकटवलेला आहे. मी जितकं नीट सांगत होतो तितका त्याचा चेहरा उतरत होता. सून दारात येऊन उभी राहिली, तोंडावर हात. ‘बाबा,’ मुलगा म्हणाला, ‘खाली बसा. घाबरू नका. कोणाचा फोन आला होता?’

‘कोणाचा नाही.’ ‘मग हे शब्द तुम्हाला कोणी सांगितले?’ ‘मला येतं. मी शिकतोय.’ ‘कुठे?’ ‘वाचनालयात. एक मॅडम शिकवतात.’ त्याने सुनेकडे बघितलं, सुनेने त्याच्याकडे. ‘कोण मॅडम? तुम्ही तर फिरायला जाता.’ ‘फिरायला नाही जात. वर्गाला जातो.’ ‘आणि त्या मॅडमनी सांगितलं, घरी जाऊन राउटर उघडा?’ ‘हो. गृहपाठ होता.’ ‘घरात काय काय जोडलंय ते बघून या?’ ‘हो.’ ‘आणि आम्हाला सांगू नका असंही म्हणाली असेल.’ ‘ते माझं मी ठरवलं,’ मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता मला कळलं की खरं जसंच्या तसं सांगितलं तर कसं ऐकू येतं. मुलाने खिशातून फोन काढला. ‘म्हातारी माणसं गाठायची, फुकट शिकवतो म्हणायचं, आणि घरात शिरायचं. नवीन धंदा आहे हा. नाव काय तिचं? मी आत्ता पोलिसांना कळवतो. वाचनालयालाही. वर्ग बंद करतो तिचा.’ सून म्हणाली, ‘बाबांच्या फोनमध्ये तिचा नंबर असेल.’ आणि तिने माझा फोन उचलला, अगदी हळू, आजाऱ्याच्या उशाखालचं काही काढून घ्यावं तसा.

मला मॅडमचं लाल नाक दिसलं. त्या बाईचा वर्ग, तो कुरिअर, त्या नर्सबाई, सोमवारची परीक्षा. पोलीस नुसते चौकशीला गेले तरी वाचनालयवाले दुसऱ्या दिवशी पाटी उतरवतील, त्यांना कारणच हवं असतं. आणि मी कितीही ओरडलो तरी काय? मी ओरडलो तर ‘ते’ झाल्यापासून बाबा असं करतात, एवढंच होणार होतं.  मी खाली बसलो. म्हटलं, ‘मॅडमबिडम कोणी नाही रे. मी घाबरून सांगितलं. फोन आला होता.’

काय बदललं त्या घरात, काय सांगू. मुलाने लांब श्वास सोडला. माझ्याशेजारी बसला, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, कितीतरी महिन्यांनी. सुनेने पाणी आणलं, पंखा वाढवला. नात येऊन मला बिलगली. ‘काही नाही, बाबा,’ मुलगा म्हणाला, ‘होतं असं. चूक तुमची नाही. पण आता सगळं नीट आठवून सांगा, मला तक्रार करायची आहे.’ त्याने फोनचा डेटा सुरू केला, मीटिंगवाल्यांना दोन ओळी कळवल्या आणि तक्रारीचं पान उघडलं. मग मी सांगितलं. कसा बोलला, कंपनीतून बोलतो म्हणाला, पान कसं उघडायला लावलं, यादी कोरी कशी ठेवायला लावली. सगळं मॅडमनी शिकवलेलं, प्रत्येक पायरी जागच्या जागी, एकही शब्द चुकला नाही. सोमवारी लिहिलं असतं ते मी तिथे सोफ्यावर बसून बोललो. मुलगा टाइप करता करता थांबला, त्याने मान हलवली. ‘काय माणसं असतात! बेसिक किती पक्कं आहे त्याचं. माझ्या ऑफिसात असा माणूस मिळत नाही.’ माझा ऊर भरून आला. मी मान खाली घातली, त्याला वाटलं मला रडू येतंय.

‘आवाजावरून वय काय वाटलं, बाबा?’

‘माझ्याएवढा असेल,’ मी म्हणालो.

त्याने वर बघितलं. हसला नाही, चिडलाही नाही. ‘नाही हो,’ तो म्हणाला, माझा गुडघा थोपटत, शब्द तोडून तोडून, ‘त्या वयात हे जमत नसतं, बाबा.’ आणि त्याने तक्रारीत ‘पंचवीस ते तीस’ असं लिहिलं.